कंप्युटरातलं देवघर

…आन् वरनं मलाच म्हणतात, "सोनाली, तुझाच हात जड हाय, तू हात लावला की कंप्युटर बसतंय!" आता तुम्हीच सांगा मावशी, हात जड असता तर माझी भाकरी अशी टम्म फुगली असती का? ह्याच हातानं ह्या पोरीला न्हाऊ घालते, तेल चोळते, तवा कुणी म्हणलं न्हाय की हात जड हाय म्हणून! कंप्युटर आडला की मात्र सोनालीचा हात! आवो, त्यो बसत न्हाय, फिरतंय! ते गोल असतंय न्हवं पडद्यावर, निळं निळं, लेकराच्या वाळ्याएवढं… ते फिरतंय. सकाळी लावलं तर फिरतंय, भाजी चिरून आले तर फिरतंय, धुणं वाळत घालून आले तरी आपलं फिरतंय, फिरतंय, फिरतंय!

सरका की थोडं तिकडं. श्रियाला मांडीवर घेते, न्हायतर ती त्या कुंडीतली माती खाती. हां. काय उकडतंय ओ! लाईटीला बी आत्ताच जायचं होतं, फ्यान बघा कसा मेल्यावाणी लटकलाय. ह्या बोलण्याच्या डाक्टर म्याडम सोलापूरहून आठवड्यातनं एकदाच येतात धाराशिवला, आन् आख्खा जिल्हा ह्याच बाकड्यावर येऊन बसतोय. तुमचा नंबर माझ्या मागंच का? मग बसा निवांत, आपल्याला लई येळ हाय. तुम्ही जळकोटच्या? आमी येरमाळ्याचे. नातू का ह्यो? बोलतो का? …बोलतो! मग कशाला आणलाय ओ? …अडखळतो? मावशी, अडखळू द्या! अडखळायला आधी बोलावं लागतंय! ही माझी बघा, तिसरं सरत आलं, आन् तोंडातनं एक शब्द न्हाय. नुसतं बोट दाखवती, नुसतं बघती. डोळे कसे बोलके हायेत म्हणतात समदे. डोळ्यानं भाकर मागता येती का?

आता तुम्ही म्हणाल, पोरीच्या बोलण्याचा आन् कंप्युटरचा काय संबंध? तेच तर सांगते!

मागच्या बारीला म्याडमनी हिला तपासलं, टाळ्या वाजवून बघितल्या, कानात बॅटरी मारली, आन् मला म्हणल्या, "हे बघा, मला एकच नीट सांगा. ही आधी बोलत होती आणि मग थांबली, की कधी बोललीच नाही? दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. उपचार त्यावर ठरतात." म्या म्हणलं, बोलत होती म्याडम! चालायला लागली तवा आई म्हणायची, पाणी म्हणायची, कोंबडीला ये-ये म्हणायची! म्याडम म्हणल्या, "नक्की?" …आता नक्की म्हणजे काय ओ? मी आई हाय, का गावची पोलीस पाटील हाय? पर माझ्या शेजारी आमच्या आत्या बसलेल्या, द्वारकाबाई, सासूबाई माझ्या. त्या पदर सावरून म्हणल्या, "न्हाय ओ म्याडम, हिला भास होतेत. आमच्या घराण्यात लवकर कुणी बोलतच न्हाय. हिचा नवरा साळंत जाईस्तोवर मुका होता." साळंत गेल्यावर बोलला म्हणं. आन् काय बोलला? "बघू" म्हणला आसंल! कारण आजवर मी त्यांच्या तोंडातनं दुसरं काही ऐकलं न्हाय. घरातलं तेल संपलं… बघू. पोरीला ताप हाय… बघू. आभाळ फाटून खाली आलं तरी हे वर बघून म्हणतील, बघू!

मग म्याडम म्हणल्या, "एखादा व्हिडिओ आहे का तेव्हाचा? ती बोलतेय असा? पुढच्या वेळी घेऊन या. मला तिचा आवाज ऐकू द्या."

आन् होता की ओ व्हिडिओ! आमच्या ह्यांनीच काढलेला. परसात कोंबडी पळतीय, कोंबडीच्या मागं श्रिया पळतीय, पळता पळता पडली, आन् पडल्या पडल्या मागं वळून म्हणली, "आई!" असं सपष्ट, जसं तुम्ही-आम्ही हाक मारतो तसं. त्यात मी हसतेय बी. मला माझं हसणं याद हाय, म्हणजे ते झालेलं हाय का न्हाय? भास झालेला माणूस स्वतःचं हसणं ध्यानात ठेवतो का? ह्यांचा त्यो मोबाईल मागनं हिरीत पडला, पर त्याच्या आधीच ह्यांनी समदे व्हिडिओ कंप्युटरात घेऊन ठेवलेले. मला वाटलं, मिटलं! घरी जायचं, कंप्युटर लावायचा, व्हिडिओ काढायचा, म्याडमला दाखवायचा, आत्यांना दाखवायचा, गल्लीत पडदा लावून दाखवायचा! किती सोपं!

व्हय. लई सोपं. फिरतंय!

त्यो कंप्युटर म्हणजे आमच्या ह्यांच्या झेरॉक्सच्या दुकानातला. येरमाळ्याच्या स्टँडापाशी दुकान होतं. ते बंद पडलं, हे कळंबला ट्रॅक्टरच्या शोरूमला कामाला लागले, आन् ह्यो घरी आला. आत्यांनी टेबलावर बसवला, वर जुन्या लाल साडीची झालर घातली, आन् दर खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, माझी शिलाई मशीन आन् कंप्युटर ओळीनं पुजतो आमी. माऊसला हळद-कुंकू लावतो. एका साली हळद जरा ओली पडली, ती आत गेली, तवापासून त्यो बाण आपला डावीकडंच वढतोय. पर ते चालतंय. मला सवय झालीय. बैल बी एकांदा वढणारा असतो.

खरी बेजारी पुढंच हाय. आमचे मामा. सासरे माझे, रामकिसन नाव. माणूस देवभोळा, आवाज गोड, भजनात पुढं बसणार. पर मोबाईल आला आन् मोबाईलवर देव यायला लागले! तुमच्याकडं बी येत असतील की सकाळी सकाळी? "शुभ सकाळ" आन् खाली महादेव, "आपला दिवस आनंदात जावो" आन् खाली आमच्या गावची देवी, येडाई. मामांच्या भजनी मंडळाचा ग्रुप, सोयऱ्यांचा ग्रुप, येडाईच्या भक्तांचे तर निराळे निराळे ग्रुप, आन् एक ऊसवाल्यांचा ग्रुप. त्या ऊसवाल्यांच्या ग्रुपात उसाचा एक फोटू यायचा न्हाय, समदे देवच! हां… हे बघा, वाजलं! ह्यो मोबाईल मामांचाच हाय, माझ्याकडं कसा आला ते सांगते नंतर… बघा, आलाच, मारुती आलाय. राम राम.

तर देव आले की मोबाईल भरायचा. लोक काय करतात? बघतात, हात जोडतात, काढून टाकतात. आमच्या मामांना ह्यांनी तेच शिकवलं. पर ते फोटू काढला की कंप्युटरवर कुठं जातंय? त्या डब्यात! कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतंय न्हवं कोपऱ्यात? मामांनी ते बघितलं आन् असे ताडकन उठले! "श्रीनाथ! कचऱ्याचा डबा? ह्याच्यात येडाई टाकू मी? ह्याच्यात? तुझ्या बापानं कधी देवाचं कॅलेंडर सुदीक फेकलं न्हाय रं, नदीला सोडलंय!"

खरंच हाय ते. आमच्यात जुन्या पत्रिका, कॅलेंडरं, अगरबत्तीचे पुडे, देवाचं चित्र असलेलं काही बी आसू द्या, फेकत न्हाईत. पोतं भरून ठेवायचं आन् पाणी आलं की सोडायचं. पर मोबाईलातला देव कुठल्या पाण्यात सोडावा? हे म्हणले, बघू. मग मामांनीच तोड काढली. कंप्युटरात एक पिवळी फाईल करून घेतली, तिला नाव दिलं देवघर. आन् रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, मोबाईलला वायर लावून त्या दिवसाचे समदे देव देवघरात नेऊन ठेवायला लागले. वरून तिथंच बसून दर्शन. एका कडेनं सुरू करायचं आन् दुसऱ्या कडेपर्यंत हात जोडत जायचं.

किती वर्षं ओ! आन् देव काय कमी व्हतेत का? साठ हजाराच्या वर गेलेत म्हणं. आता कंप्युटर काय करतो, माहितेय का मावशी? फाईल उघडली की आतल्या हरेक फोटूचं एक बारीक चित्र काढून दाखवतो. म्हणजे आधी त्यानं साठ हजार देवांची तोंडं काढायची, आन् मग आपल्याला दाखवायची! म्हातारं कंप्युटर ते, दमणार न्हाय का? वर एक हिरवी रेघ निघती, गोगलगाईवाणी सरकती सरकती, आन् शेवटाला जाऊन थांबती. समदे चौकोन पांढरे. मधूनच एका चौकोनात सोंड दिसती, मग पांढरं. एकांदं त्रिशूळ दिसतंय, मग पांढरं. आन् मग वर इंग्रजीत येतंय, 'नॉट' काय काय. सातवीपर्यंतचं इंग्रजी माझं, नॉट म्हणजे न्हाय एवढं कळतंय. पुढं काय न्हाय ते वाचायची मला कधी गरजच पडली न्हाय!

आन् आमच्या ह्यांनी, शहाण्यांनी, श्रियाचा व्हिडिओ कुठं ठेवावा? देवघरात! इचारलं तर म्हणले, "समदं एका जागी बरं." चैत्रात येडाईच्या जत्रंत एकांदं लेकरू हरवलं तर भोंग्यावर नाव तरी पुकारतात ओ, 'लाल झबलं घातलेली पोरगी मंडपापाशी हाय, आईनं घेऊन जावं.' हितं मी कुठं पुकारू? साठ हजार देवांच्या गर्दीत माझी पोरगी कोंबडीच्या मागं पळतीय, आई म्हणून हाक मारतीय, आन् मी भाईर उभी. आन् दारात ते फिरतंय!

मग उपाय सुरू झाले. शेजारचे अंबादास गुरुजी आले. गुरुजी म्हणजे लई शिकलेला माणूस. खुर्चीत बसले, चष्मा पुसला, "काही नाही, रिफ्रेश मारायचं असतं," म्हणले, आन् उजवं बटण दाबून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश, माश्या हाणाव्या तसं सुटलेच! पडदा लपालपा करायला लागला. मग मागं रेलले, "बघा, कसा ताजातवाना झाला!" म्या उघडून बघितलं. ताजातवाना होऊन फिरतंय!

मग ह्यांचे चुलतभाऊ, कृष्णराज भावजी, पुण्याला कंपनीत हायेत, त्यांना फोन लावला. "वहिनी, पॅनिक नका होऊ. सिंपल आहे." त्यांचं समदंच सिंपल असतंय. म्हणले, अमकी तीन बटणं एकदम दाबा, एक यादी येईल, त्यात पिवळ्या फाईलीचं चित्र असलेली ओळ धरा आन् ती बंद करा. म्या केली बंद. आवो, समदंच गेलं! खालची पट्टी गेली, वरची चित्रं गेली, फाईल गेली, नुसता निळा पडदा! मामा मागंच उभे, त्यांनी जी बोंब मारली! "देव गेले! आगं द्वारका, देवघर गेलं!" आत्यांनी धावत येऊन आधी दिवा लावला. कंप्युटरपुढं! मी फोनवर, "भावजी, समदं गेलं ओ!" आन् भावजी थंडपणानं, "जाणारच वहिनी, सिंपल आहे, आता मी सांगतो ते टाईप करा. ई." म्या ई शोधला. "एक्स." शोधला. "पी." आन् रेंज गेली! आता मी त्या पीवर बोट ठेवून उभी, मामा देवाचा धावा करतेत, आत्या उदबत्ती ओवाळतेत, श्रिया माझा पदर वढतीय. मी छपरावर चढले तवा रेंज आली, भावजींनी एकेक अक्षर सांगायचं, म्या वरनं वरडायचं, आन् खाली आत्यांना सोबतीला बोलावलेली शेजारची विमल ते दाबायची. विमल माझ्याच वर्गातली, म्हणजे तिचं बी सातवीच! पर आलं बया, समदं परत आलं. मामांनी आधी देवघर उघडलं, देव हायेत का बघायला.

काय झालं आसंल? बोला की… हां. फिरतंय!

पर एक सांगते, कृष्णराज भावजी शेवटी एक कामाचं बोलले. म्हणले, "वहिनी, ती चित्रं दिसायची बंद करा. नुसती नावं दिसतील, फाईल पटकन उघडेल." त्यांनी सांगितलं तिथं दाबलं, आन् खोटं न्हाय सांगत मावशी, फाईल उघडली! रेघ न्हाय, गोल न्हाय, फटकन! नुसते आकडे, आकड्यांच्या वळीच्या वळी. त्यातनं व्हिडिओ कुठला आन् फोटू कुठला ते शेवटच्या अक्षरावरून वळखायचं म्हणले भावजी. मी श्वास धरून खाली खाली निघाले. अर्ध्यात आले असंल-नसंल, आन् मागनं मामा. "देवांची तोंडं कुठं गेली?" म्या म्हणलं, मामा, जरा येळ झाकलीत, आत्ता परत आणते. "झाकलीत? आन् हे काय लिवलंय? आकडे? देवाला नंबर दिले का तू? जेलात घातल्यावाणी?" आन् धोतराचा सोगा डोळ्याला! आता म्हाताऱ्या माणसानं सोगा डोळ्याला लावल्यावर पुढं काय बोलावं? दिली परत तोंडं. म्हणलं जाऊ द्या, उद्या मामा रानात गेले की करीन.

उद्या! आमच्यासारख्या बायांचा उद्या येतो का कधी? दुसऱ्या दिवशी माझे ते दिवस आले. आन् आत्या उंबऱ्यात उभ्या. "कंप्युटरला शिवू नको." आत्या, यंत्र हाय ते! "यंत्र आसंल, पर आत देवघर हाय का न्हाय?" आता काय बोलता! आत देव हायेत, साठ हजार हायेत, मीच मोजलेत. चार दिवस मी दारात बसून त्या लाल झालरीकडं बघत होते. इकडं म्याडमची तारीख जवळ यायली. शेवटी आत्यांच्याच हातापाया पडले. म्हणलं आत्या, तुम्ही दाबा, मी हितनं सांगते. त्या पिवळ्या फाईलीवर बाण न्या, आन् दोनदा दाबा. आत्यांनी बाण नेला, एकदा दाबलं, माऊस सोडला, हात जोडले, डोळे मिटले, पुटपुटल्या, आन् मग सावकाश दुसऱ्यांदा दाबलं. आवो, घंटा हाय का ती! आसं थांबून दाबलं की कंप्युटरला वाटतंय फाईलीचं नाव बदलायचंय. ते नाव निळं झालं. आन् त्याच येळंला आत्यांना बटणांवर धूळ दिसली. पदर घेतला आन् पुसली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. देवघर पुसलं गेलं, आन् तिथं इंग्रजी अक्षरांची अशी लांब माळ आली, कुणी घोरल्यावाणी! सांजच्याला मामा बघतेत तर देवघर न्हाय. "माझं देवघर कुणी फोडलं?" आन् समदे कुणाकडं बघतेत? मी दारात, आंग चोरून, कशाला न शिवता बसलेली… तरी हात माझाच जड!

एवढं झालं तवा आमचे हे एकदाचे बोलले. "शंभूला बोलवू."

शंभूचं हायवेला मोबाईल-कंप्युटर दुरुस्तीचं दुकान हाय. पोट सुटलेला, बोलायला मिठ्ठास. आला, बसला, फाईल उघडून बघितली, आन् म्हणला, "वहिनी, तुम्ही चहा टाका. चहाला उकळी येईस्तोवर ह्यो पळतोय का न्हाय बघा." मी आनंदानं आत गेले ओ! एवढ्या दिवसांनी कुणीतरी म्हणलं होतं की पळंल. दूध वाढवलं, आलं किसलं. मावशी, मी त्याच्या चहात आलं किसत होते! आन् भाईर काय चाललं होतं, ते मला मागनं आत्यांनी सांगितलं.

शंभू म्हणला, "काका, हे फोटू लई झालेत. निम्मे काढू का?" मामा म्हणले, "देवाला हात लावायचा न्हाय." "मग काका, दुसरं काहीतरी काढावं लागतंय. हे व्हिडिओ हायेत, हे लई जागा खातेत." मामांनी इचारलं, "त्यात देव हाय का?" शंभूनं एक लावून बघितला. "न्हाय काका, लेकरू हाय. कोंबडी हाय." आन् मामा काय म्हणले आसतील, मावशी? म्हणले, "लेकरू तर घरातच हाय की!"

लेकरू तर घरातच हाय. मी चहा गाळत होते.

कप घेऊन भाईर आले तर शंभू म्हणला, "बघा वहिनी!" आन् दाबलं. फटकन! रेघ न्हाय, गोल न्हाय, देवघराला नाव परत दिलेलं, आन् आत समदे देव, वळीनं, तोंडासकट, हसत बसलेले. म्या म्हणलं, श्रियाचा व्हिडिओ कुठाय? शंभूनं मामांकडं बघितलं. मामांनी येडाईकडं बघितलं. येडाईनं माझ्याकडं बघितलं. म्या म्हणलं, डब्यात आसंल की, त्या कोपऱ्यातल्या? तर शंभू म्हणतो, "न्हाय वहिनी, डब्यात ठेवला आसता तर जागा कशी मोकळी झाली आसती? म्या कायमचंच काढलं." ऐकलं का? देव कचऱ्याच्या डब्यात जाऊ नयेत म्हणून एवढं रामायण, आन् माझ्या लेकराला डबा सुदीक मिळाला न्हाय!

रडले मी. काय करू मग? शंभू बी घाबरला. म्हणला, "रडू नका वहिनी, पुसलेलं परत काढायची एक युक्ती हाय," आन् काहीतरी लावलं. मग आमी समदे त्या पडद्याफुडं बसलो, आन् तुम्हाला सांगते, फिरतंय! फिरतंय, फिरतंय, चहा गार झाला, साय धरली, फिरतंय. शेवटी एकदाचं थांबलं. परत आलं! काय परत आलं? आमच्या ह्यांनी कधीतरी मामांच्या माघारी चोरून काढलेले देव! ते समदे परत आले. मामांना काय आनंद! हे आपले खाली मान घालून. आन् श्रियाची एक कोंबडी सुदीक आली न्हाय.

न्हाय, मामा वाईट न्हाईत ओ. तसं नका समजू. त्या दिवशी जेवले न्हाईत ते. ताटावरनं उठले, आन् कंप्युटरपुढं बसून श्रियाला मांडीवर घेऊन म्हणत होते, "म्हण माय, आई म्हण. एकदा म्हण. आज्याचं चुकलं." ही आपली त्या पडद्याकडं बघत. तिला तसं बी ते गोलच आवडतंय, दिवसभर माझ्यासंगं तेच बघितलंय ना तिनं! मी म्हणायची फिरतंय, ती बघायची. आन् आज निघताना मामांनी त्यांचा ह्यो मोबाईल माझ्या हातात दिला. माझा तर हिनंच बादलीत बुचकळला. म्हणले, "सोनाली, ह्यो राहू दे तुझ्याजवळ. लेकरू काही बी बोललं की लगीच काढ. म्याडमला दाखव. ह्यातला मी पुसू देणार न्हाय कुणाला." म्हाताऱ्या माणसाला कुठं माहीत, जो शब्द गेला त्यो गेला. आता म्याडम इचारतील, आधी बोलत होती का? मी म्हणणार व्हय. आत्या आज आल्या न्हाईत, तरी त्यांचं ते भास म्याडमच्या कानात असणारच. तुम्हीच सांगा, आईच्या शब्दाला काय किंमत? कागद दाखवा, न्हायतर व्हिडिओ दाखवा… हां, परत वाजलं. आता दत्तगुरू. राम राम, राम राम. सकाळपासनं थांबायचं नाव न्हाय, आन् आजचे देव देवघरात न्यायचेच राहिलेत, समदे ह्यातच.

आली! आली बया लाईट एकदाची! लागू दे फ्यान, जीव गेला उकड्यानं. बघ श्रिया, वर बघ, फ्यान लाग…

काय?

काय म्हणली? मावशी, ही काय म्हणली आत्ता? …तुम्ही बी ऐकलं? खरं सांगा! वर बोट करून, त्या फ्यानाकडं, "फितंय" म्हणली! म्हणली ना? तुमच्या नातवानं बी ऐकलं? म्हणजे भास न्हाय! आगं माझी माय ती! आजून एकदा म्हण, म्हण की… न्हाय न्हाय, थांब! म्हणू नको! तोंड मिटून धर, मोबाईल काढू दे! कुठं गेला… पिशवीत… हां. हितं क्यामेऱ्याचं चित्र… दाबलं. दाबलं की! आवो मावशी, त्यो फ्यान बंद करू देऊ नका कुणाला! आता म्हण श्रिया… ह्याच्याकडं बघून… अरं उघड की! देवा, उघड! एवढे देव पोटात ठेवलेत तुझ्या, एकाला तरी दया येऊ दे!

काय? माझंच नाव घेतलं का सिस्टरनी? आले ओ, आले! मावशी, तुम्ही चला ना जरा आत साक्षीला… व्हय, तुमचा नंबर जाईल, खरंय. बसा तुम्ही. आता म्याडम इचारतील, गप झाल्यावर पहिला शब्द काय बोलली? आई न्हाय, पाणी न्हाय, आज्यानं एवढं देव देव केलं तरी देवाचं नाव न्हाय… आन् मग म्हणतील, व्हिडिओ दाखवा. आले ओ सिस्टर, आलेच! काय दाखवू मी त्यांना? हे बघा… तुम्हीच बघा मावशी…

फिरतंय!